पहिली नोकरी, नागपुरात एकटं राहणं आणि महिनाअखेर रिकामं खातं : बचतीची सुरुवात कुठून करू?

बुटीबोरी_एक्सप्रेस :
नमस्कार मंडळी. वय २४, मेकॅनिकल डिप्लोमा, बुटीबोरी एमआयडीसीत एका कंपनीत आहे. हातात २८,००० येतात. गाव यवतमाळ जिल्ह्यात, इथे त्रिमूर्ती नगरात मित्रासोबत रूम. माझ्या वाटचं भाडं ४,५००, डबा ३,५००, घरी पाठवतो ७,०००, फोनचा हप्ता २,२००. हे झाले १७,२००. उरतात १०,८००. ते पेट्रोल, रिचार्ज, बाहेरचं खाणं, कुणाचा वाढदिवस यात जातात आणि २५ तारखेला खात्यात तीन आकडी रक्कम असते.

बाबा म्हणतात विम्याची पॉलिसी घे, मामा म्हणतात शहरालगत बेसा भागात हप्त्यावर प्लॉट घे, रूम पार्टनर म्हणतो शेअर बाजारातलं ऑप्शन ट्रेडिंग शिक. माझा प्रश्न एवढाच : एवढ्याच पगारावर ज्यांनी सुरुवात केली, त्यांनी पहिलं पाऊल कोणतं टाकलं? आणि घरी जे पाठवतो ते कमी करावं का?

झिरोमाईल :
पगार आला त्याच दिवशी बचतीचा हिस्सा बाजूला काढायचा. महिनाअखेर उरेल ते ठेवतो म्हणणाऱ्याकडे कधीच काही उरत नाही, मग पगार २८ हजार असो की ८० हजार. पगार ७ तारखेला येत असेल तर ८ तारखेला आपोआप कापला जाईल असं लावून दे. आकडा लहान ठेव, पण मोडू नको.

तर्रीवाला :
भाऊ, १०,८०० कुठे जातात हे तुले माहीत नाही, पण पोहेवाल्याले नक्की माहीत असन 😄 तर्री-पोहे नको सोडू, बाकी सगळं लिहून काढ. मी एक महिना फोनच्या नोट्समध्ये खर्च लिहिला. सगळ्यात मोठा आकडा रात्री अकरानंतर ऑनलाइन मागवलेल्या जेवणाचा निघाला. तेव्हापासून रूमवर अंडी ठेवतो.

माजी_डाकघर :
मी पोस्टात होतो, आता निवृत्त. तुमच्यासारखी पुष्कळ मुलं जीपीओच्या खिडकीवर यायची, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पोस्टाची आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होते. मुदत पाच वर्षं, ६० हप्ते. ऑक्टोबर २०२३ मध्ये दर ६.७ टक्के झाला. सरकार दर तिमाहीला दरांचा आढावा घेतं, पण खातं उघडताना जो दर असेल तोच तुम्हाला शेवटपर्यंत मिळतो. महिना ३,००० भरले तर भरणा १ लाख ८० हजार होतो आणि हातात सुमारे २ लाख १४ हजार येतात. एक वर्ष बारा हप्ते भरले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, त्यामुळे अडचण आली तरी खातं मोडावं लागत नाही. तीन वर्षांनंतर मोडता येतं, पण मग व्याज साध्या बचत खात्याचंच मिळतं.

यात कुणी श्रीमंत होत नाही हे मला मान्य आहे. पण हप्ता भरायची सवय लागते, आणि तीच पहिल्या दोन वर्षांत कमवायची वस्तू आहे.

फुटाळा :
काका, सवयीचं पटलं, पण पाच वर्षं सगळा पैसा आरडीत कशाला? महागाई धरली तर हातात काय राहतं? २४व्या वर्षी इंडेक्स फंडात (बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा म्युच्युअल फंड) एसआयपी, म्हणजे दर महिन्याचा ठरलेला हप्ता, लावावी, ५०० पासून होते. डायरेक्ट प्लॅन घ्यावा, म्हणजे मध्यस्थाचं कमिशन जात नाही. डायरेक्ट प्लॅन जानेवारी २०१३ पासून आहेत, तरी अजून कितीतरी जण बँकेतल्या माणसाने पुढे केलेल्या फॉर्मवर सही करतात आणि रेग्युलर प्लॅन घेऊन घरी येतात.

वैदर्भी :
फुटाळा, एसआयपी चांगलीच आहे, पण ती दुसरी पायरी.

मी धंतोलीत एका खाजगी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. रात्रपाळीला बिलिंग काउंटरजवळ जे दिसतं ते सांगते. वडिलांना छातीत दुखतंय म्हणून काटोल, उमरेड, कधी पार वणीहून मुलगा घेऊन येतो. डिपॉझिट भरा म्हटलं की तो कोपऱ्यात उभा राहून मित्रांना फोन लावतो. मुलगा चांगल्या नोकरीत असतो, अंगावर चांगले कपडे असतात. पैसे नसतात असंही नाही. कुठे पॉलिसीत अडकलेले असतात, कुठे प्लॉटच्या हप्त्यात, कुठे शेअरमध्ये, आणि बाजार नेमका पडलेला असतो. मग शेवटी आईच्या बांगड्या किंवा शेकड्याने, म्हणजे सावकारी व्याजाने, काढलेले पैसे.

म्हणून पहिलं पाऊल : तीन महिन्यांचा खर्च वेगळ्या बँकेच्या खात्यात. तुझ्या हिशेबाने साठ हजार धर. त्या खात्याला यूपीआय जोडायचं नाही, कार्ड घरी कपाटात. व्याज किती मिळतं याचा विचारही करायचा नाही.

दुसरं, तुझ्या बँकेतच दोन सरकारी विमे आहेत. अपघात विमा वर्षाला २० रुपयांत, २ लाखांचा. जीवन विमा वर्षाला ४३६ रुपयांत, तोही २ लाखांचा. दोन्हीचं वर्ष १ जून ते ३१ मे. उद्याच अर्ज भर. आणि कंपनीचा आरोग्य विमा आहे का, त्यात आई-बाबा आहेत का, हे एचआरला विचार. नोकरी सुटली की तो विमाही सुटतो हे लक्षात ठेव.

झिरोमाईल :
वैदर्भीताईंना १०० टक्के अनुमोदन. यूपीआय न जोडलेलं खातं हा या धाग्यातला सगळ्यात कामाचा सल्ला आहे.

गांधीबाग :
आमच्याकडे कापडाचं दुकान आहे. मी म्हणेन भिशी लाव. आमच्या लाइनीत बारा जणांची आहे, महिना ५,०००. बँकेचा हप्ता चुकला तर फार तर मेसेज येतो, भिशीचा हप्ता चुकला तर शेजारचा दुकानदार सकाळी चहा घेऊन येतो आणि काहीच न बोलता बसतो 😀 त्या लाजेपोटी माझ्या धाकट्या भावाने जेवढी बचत केली तेवढी कोणत्याही ॲपने करवली नसती. नंबर लागला की एकरकमी ६०,००० हातात.

लेखाजोखा :
गांधीबाग, तुमची भिशी वर्षानुवर्षं बसलेल्या दुकानदारांची आहे. कुणी पळून जाणार नाही, कारण दुकान तिथेच आहे. या मुलाने ऑफिसातल्या ओळखीवर भिशी लावली आणि दोघांनी नंबर लागल्यावर नोकरी सोडली तर तो कुणाच्या दुकानासमोर बसणार? शिवाय बोली लावून चालणारी भिशी ही कायद्याच्या नजरेत चिट आहे. ती चालवायला १९८२च्या चिट फंड कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणी नसेल तर दाद मागायला गेल्यावर फार अवघड होतं.

गांधीबाग :
आमची चिठ्ठीची आहे, बोलीची नाही. पण मुद्दा मान्य, माणसं पाहूनच लावावी. तरी भिशीला सरसकट नावं ठेवू नका. आमच्या आईने घरखर्चातून वाचवलेल्या भिशीवरच दोन्ही बहिणींची लग्नं निघाली.

लेखाजोखा :
नावं ठेवत नाही. आईंच्या काळात गल्लीतल्या बाईला बँकेत कुणी उभं करत नव्हतं, भिशीने ते काम केलं. आज पर्याय आहेत एवढंच म्हणणं.

आता मूळ प्रश्नाकडे. मी हिशेबाचं काम करतो, तरुण मुलांची कागदपत्रं रोज पाहतो. तीन गोष्टी.

एक, तुझी बचत आधीच सुरू आहे, तू ती पाहिलेली नाहीस. पीएफ. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के तुझे, तेवढेच कंपनीचे. कंपनीच्या वाट्यातला काही भाग पेन्शन योजनेत जातो. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांना पीएफवर ८.२५ टक्के व्याज मिळालं. आज यूएएन (तुझा पीएफचा क्रमांक) टाकून पासबुक उघड, नाव-जन्मतारीख आधारशी जुळते का पाहा, नॉमिनी भर. नोकरी बदललीस तर पैसे काढू नको, खातं पुढे वळव. पाच वर्षं सलग व्हायच्या आत काढले तर करही लागू शकतो आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षंही तुटतात. सव्विसाव्या वर्षी पीएफ काढून गाडी घेतलेले बरेच जण माझ्यासमोर बसतात.

दोन, बाबांना नम्रपणे सांग की कर वाचवण्यासाठी पॉलिसीची तुला गरज नाही. २०२५-२६ पासून नव्या कररचनेत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर पडत नाही. तुझ्यावर आई-बाबा अवलंबून असतील तर साधा टर्म इन्शुरन्स घे. मुदत संपल्यावर तो परत काही देत नाही, म्हणूनच स्वस्त असतो. विमा आणि बचत एकाच पिशवीत घातली की दोन्ही अर्धवट होतात.

तीन, क्रेडिट कार्ड असेल तर पूर्ण बिल भर. 'मिनिमम ड्यू', म्हणजे किमान रक्कम, भरून बाकीचं पुढे ढकललं तर बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. गावातल्या सावकाराचा महिन्याला शेकडा तीन आपल्याला लूट वाटतो. हा त्याहून जास्त आहे, फक्त एसी ऑफिसातून येतो.

अंबाझरी_रनर :
ऑप्शनबद्दल कुणीच काही बोललं नाही. माझे दोन मित्र महिना १५ हजार काढतात. शिकून घेतलं तर काय वाईट?

फुटाळा :
दोन मित्र काढतात ते तू ऐकतोस, कारण हरलेला सांगत नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख, खर्च धरून. तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. मी शेअर बाजाराच्या बाजूचा माणूस आहे, तरी सांगतो, २८ हजार पगार असलेल्याने त्या दारातून आत पाऊल टाकू नये.

तर्रीवाला :
रूम पार्टनरले विचार, महिन्याचं भाडं वेळेवर देते का. तिथेच उत्तर मिळून जाईन.

महालकर :
प्लॉटबद्दल लिहितो. नागपुरात प्रत्येकाच्या मामाकडे एक प्लॉट असतोच. हप्त्यावर प्लॉट देणारे लेआउटवाले वर्धा रोड, उमरेड रोड, हिंगणा, सगळीकडे बसलेले आहेत. पैसे देण्याआधी बघायचं काय? सातबारा कुणाच्या नावावर आहे, जमीन एनए (बिगरशेती) झाली का, लेआउट एनएमआरडीएने (नागपूर महानगर प्राधिकरण) मंजूर केला का, शहरातला असेल तर नागपूर सुधार प्रन्यासचं आरएल, म्हणजे प्लॉट नियमित असल्याचं पत्र, आहे का, महारेराचा (गृहप्रकल्पांचं नियमन करणारं प्राधिकरण) नंबर आहे का. 'आरएल होऊन जाईल' म्हणणाऱ्याकडून घ्यायचाच नाही. आमच्या नात्यात एकाने हप्ते पूर्ण भरले आणि नंतर कळलं की तीच जमीन बँकेत गहाण आहे.

पिपळाफाटा :
@महालकर, शहरात गुंठेवारीत (विनामंजुरी पाडलेले प्लॉट नियमित करायचा कायदा) नियमित झालेल्या प्लॉटला बँक कर्ज देते का?

महालकर :
प्लॉटसाठी वेगळा धागा काढू, नाहीतर हा मुलगा बाजूलाच राहील.

खापरी_लाइन :
ज्यांचा पगारच ठरलेला नाही त्यांनी काय करावं? मी घरून डिझाइनचं काम करतो. दिवाळीच्या आधी ४० हजार, जून-जुलैत आठ.

माजी_डाकघर :
ठरलेली रक्कम न ठेवता ठरलेला वाटा ठेवा. जे आलं त्यातला पाचवा हिस्सा त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात. कॉटन मार्केटचे भाजीवाले वर्षानुवर्षं रोज पिग्मी, म्हणजे रोजची छोटी ठेव, भरतात, कमाई कमी झाली त्या दिवशी कमी. फक्त पिग्मी बँकेची आहे की पतसंस्थेची, हे पाहून घ्या. बँक सहकारी असली तरी ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांपर्यंत संरक्षण असतं, फेब्रुवारी २०२० मध्ये ही मर्यादा १ लाखावरून वाढली. पतसंस्थेला हे संरक्षण नाही. आणि महिन्याला दोन-तीन टक्के 'खात्रीचे' देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. अशांसाठी राज्याने १९९९ मध्ये ठेवीदार संरक्षणाचा कायदा केला, तरी त्या कायद्याने पैसे परत मिळायला ठेवीदारांची अर्धी हयात जाते.

संत्राबर्फी :
थोडा वेगळा प्रश्न. मी २३, सदरला एका ऑफिसात काम करते, १७ हजार मिळतात. पगार बाबांच्या आणि माझ्या जॉइंट खात्यात जातो. बाबा वाईट नाहीत, पण ५०० रुपये काढले तरी कशाला ते सांगावं लागतं. वेगळं खातं काढलं तर त्यांना राग येईल असं वाटतं.

वैदर्भी :
काढ. पगाराचं खातं एकट्या तुझ्या नावाचं असलंच पाहिजे. भांडण न करता सांग की ऑफिसने नवं सॅलरी खातं मागितलंय, आणि घरखर्चाचा वाटा पहिल्याच दिवशी बाबांच्या खात्यात टाक, तोही न मागता. मुलगी पैसे उडवत नाही हे दोन-तीन महिन्यांत दिसलं की राग राहत नाही. आणि १७ हजार म्हणजे तू ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या, २१ हजारांच्या मर्यादेत आहेस. कार्ड काढलंय का? आई-बाबा तुझ्यावर अवलंबून असतील तर त्यांची नावंही त्यात घालता येतात.

झिरोमाईल :
खोटं कारण कशाला? सरळ सांगावं की मला माझा हिशेब शिकायचा आहे.

वैदर्भी :
तुमच्या घरात सरळ सांगून चाललं असेल. सगळ्या घरांत मुलींना ते परवडत नाही.

संत्राबर्फी :
दोघांचंही समजलं. आधी सरळ सांगून पाहते. ईएसआय कार्डाचं मला माहीतच नव्हतं, उद्या विचारते.

अंबाझरी_रनर :
बुटीबोरी भाऊ, स्पष्टच बोलतो. तुझ्या पगारातला चौथा हिस्सा घरी जातो. तो निम्मा कर, तेवढ्यात तुझी एसआयपी निघते. आधी स्वतः उभा राहा, मग घर.

महालकर :
हे मला अजिबात पटलं नाही. ज्या घराने शिकवलं त्याला 'खर्च' या खान्यात टाकायचं?

गांधीबाग :
+१

कापूसपट्टा :
इतके दिवस वाचत होतो, इथे राहवलं नाही. मीही यवतमाळकडचाच, बाप शेतकरी, मी नागपुरात नोकरीला. ७,००० पाठवावे की ३,५०० हा प्रश्नच चुकीच्या बाजूने विचारला जातोय. ते पैसे गावात कशाला लागतात, ते आधी बाबांना विचार.

आमच्याकडे काय व्हायचं सांगतो. पीक कर्ज बँकेचं. ते मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं. पण फेडायच्या वेळेला कापूस विकून आलेला पैसा लग्नात, दवाखान्यात, जुन्या उधारीत गेलेला असतो. मग कर्ज थकतं, सवलत जाते, पुढच्या खरिपाला बँक उभं करत नाही, आणि बियाण्यासाठी कृषी केंद्राची उधारी किंवा सावकार. शेकडा तीनने ५० हजार घेतले तर वर्षाचं व्याजच १८ हजार. एवढं व्याज कोणती एसआयपी मिळवून देणार आहे?

मी आणि बाबांनी बसून ठरवलं. महिन्याच्या पैशातले घरखर्चाचे वेगळे, आणि उरलेले आईच्या नावाच्या खात्यात पीक कर्जासाठी साठवायचे. मार्चमध्ये त्याला हात लावायचा. तेव्हापासून कर्ज वेळेवर फिटतं, सावकाराचं दार बंद झालं. माझ्या नावावर एक रुपया वाढला नाही, पण घरावरचं ओझं गेलं आणि मला पगारवाढ झाली ती पूर्ण माझ्या खात्यात राहिली. घरची देणी डोक्यावर असताना मुलाच्या एसआयपीला अर्थ नसतो. पहिल्या अडचणीत ती मोडावीच लागते.

वैदर्भी :
कापूसपट्टा, ही पोस्ट वर पिन करायला हवी.

फुटाळा :
खरं आहे. ३६ टक्क्यांचं कर्ज बंद करणं हीच सगळ्यात चांगली गुंतवणूक. मी माझा क्रम बदलतो : आधी महाग कर्ज, मग अडीनडीचा पैसा, मग विमा, मग एसआयपी.

अंबाझरी_रनर :
माझ्या घरी शेती नाही, हे मला सुचलंच नसतं. निम्मे कर म्हटलं ते मागे घेतो. पण रक्कम ठरलेली असावी, दर महिन्याला मागतील तेवढी नको, एवढं अजूनही म्हणेन.

कापूसपट्टा :
त्यावर आपलं एकमत. ठरलेली रक्कम असली की बाबांनाही हिशेब लावता येतो.

बुटीबोरी_एक्सप्रेस :
सगळं दोनदा वाचलं. रविवारी गावी जाऊन बाबांशी बोललो. कृषी केंद्राची २२ हजारांची उधारी आहे, हे मला आजवर सांगितलंच नव्हतं. ७,००० तेवढेच राहतील, वर २,००० त्या उधारीला, संपेपर्यंत. ३,००० वेगळ्या बँकेत, यूपीआयशिवाय. फोनचा हप्ता चार महिन्यांनी संपतो, तेव्हा तेही २,२०० तिकडेच वळवणार. दोन्ही विमे भरले. पीएफच्या पासबुकात किती आहेत ते पाहून खरंच बरं वाटलं, नॉमिनीही भरला. प्लॉटसाठी मामांना आरएल विचारलं, ते म्हणाले होऊन जाईल.

आता एकच शंका. ५०० रुपयांनी पीपीएफ (सरकारी भविष्य निर्वाह खातं, नोकरीच्या पीएफपेक्षा वेगळं) उघडावं म्हणतो. पैसे ५ तारखेच्या आत भरावे लागतात असं वाचलं, आणि माझा पगार ७ ला येतो. मग दर महिन्याला व्याज बुडणार का?

लेखाजोखा :
५ तारीख ते महिनाअखेर यांतल्या सर्वांत कमी शिलकीवर त्या महिन्याचं व्याज धरतात. ८ ला भरलेल्या ५०० वर त्या महिन्याचं व्याज मिळणार नाही, पुढच्या महिन्यापासून मिळेल. ७.१ टक्क्यांनी ते तीन रुपयेही होत नाहीत. त्यासाठी अडून राहू नको. पण पंधरा वर्षांची मुदत आहे, सातव्या वर्षाआधी पैसे काढता येत नाहीत, म्हणून साठ हजार जमल्यावरच मोठी रक्कम टाक.

झिरोमाईल :
आणि आपोआप कापायची तारीख मी ८ म्हटलं होतं, ती १० कर. मधे सुट्टी आली आणि पगार एक-दोन दिवस लांबला तर हप्ता परत जातो आणि बँक दंड लावते.

बुटीबोरी_एक्सप्रेस :
१० केली. सगळ्यांचे मनापासून आभार. @संत्राबर्फी, ईएसआय कार्डाचं काय झालं ते इथे नक्की लिहा, माझ्या लाइनवरच्या कंत्राटी पोरांनाही तेच विचारायचं आहे.